एकसष्टांतली एक

“धरलंस ते ठीक. पण सोडणार कोण, पोरी?”

सहा वर्षांपूर्वीचा हा आवाज. तिला कोड लिहायला शिकवणारे आनिबालसर खुर्चीच्या पाठीमागे उभे राहायचे, कॉफीचा इवलासा कप छातीशी धरून एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या टेबलाकडे सरकायचे. आज, मंगळवारी सकाळी दामारिसच्या कानात तो आवाज पुन्हा उमटला आणि तिचं बोट कळेवर थबकलं. शोधायच्या चौकटीत तिनं एकच शब्द घातला होता. यंत्रानं क्षणात मोजून दिलं होतं : एकसष्ट ठिकाणी.

एकसष्ट ठिकाणी तो शब्द तिनंच लिहिला होता. सात आठवड्यांपूर्वी, दोन दिवसांत.

दहा मिनिटांपूर्वी नोर्बेय तिच्या टेबलाशी येऊन गेला होता. नोर्बेय म्हणजे कंपनीचा मालक. आठ माणसांची कंपनी, मानिसालेस शहरातल्या एका उभ्या चढाच्या रस्त्यावर, दातांच्या डॉक्टरांना सामान विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्यानं सांगितलं ते असं. सांता रीताच्या आरोग्य केंद्रात फाबिओला ओकाम्पो नावाची सेविका आहे. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर घरोघर जाते, बाया-मुलांना तपासते आणि कंपनीनं बनवलेल्या ॲपमध्ये भेटीची नोंद करते. गेल्या सात आठवड्यांतल्या तिच्या अठरा भेटी कुठंच नाहीत. ती म्हणते, गेले होते, तपासलं, बटण दाबलं. सर्व्हर म्हणतो, काही आलं नाही. त्या अठरांत एक येसेनिया होती. आठवा महिना, रक्तदाब चढलेला. फाबिओलाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी तिच्या फॉर्मवर ‘तातडीनं शहरात न्या’ अशी खूण केली होती. ती खूण कुणाला पोचलीच नाही. नऊ दिवसांनी येसेनियाला झटके आले, चौघांनी झोळीत घालून तिला रस्त्यापर्यंत आणलं. आई वाचली. बाळ अजून इस्पितळात काचेच्या पेटीत आहे. आता गुरुवारी चौकशी. आरोप असा, की बाई घरी बसून राहिली आणि गेले होते म्हणते.

“आपलं काम सोपं आहे,” नोर्बेय म्हणाला होता. “ॲप काही हरवत नाही, एवढं एका कागदावर लिहून द्यायचं. सही तू कर, घेऊनही तूच जा. त्याच्या पोटातलं तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?” आणि जाता जाता वळून, “फक्त झाडू इथंच ठेवून जा म्हणजे झालं.”

झाडूवाली हे दामारिसचं कंपनीतलं नाव. तेही सात आठवड्यांपूर्वीच पडलेलं.

त्याआधी ॲपला एक रोग होता. सेविका घरामागून घर करत जायच्या, आणि दहाव्या-बाराव्या घराशी आयपॅड जड व्हायचा, धाप लागल्यासारखा अडखळायचा, ॲप आपोआप बंद पडायचं. रोगाचं मूळ कोडात होतं. ऑब्जेक्टिव्ह-सी नावाच्या ज्या भाषेत ते लिहिलं होतं, तिच्यात पुढं कधीतरी करायच्या कामाची चिठ्ठी लिहून ठेवता येते. तिला ब्लॉक म्हणतात. अमुक झालं, की तमुक कर. भेटीचा फॉर्म अशा चिठ्ठ्या लिहून जवळ ठेवायचा. फॉर्म चिठ्ठीला धरून, चिठ्ठी फॉर्मला धरून. यंत्राचा नियम असा, की कुणीतरी धरून ठेवलेली वस्तू टाकायची नाही. मग सेविकेनं फॉर्म बंद केला तरी तो जायचाच नाही. दोघं एकमेकांच्या कमरेला मिठी घालून मेमरीत बसून राहायचे, कुणाच्या कामाचे नाहीत, कुणाला दिसायचे नाहीत. त्यांच्या शेजारी दुसरी जोडी, तिच्या शेजारी तिसरी. असं घर भरत जायचं, उंबऱ्याबाहेर पाय निघेपर्यंत.

औषध साधं. ‘वीक’ असा एक शब्द घालायचा, की चिठ्ठी फॉर्मला सैल धरते. आहे तोवर आहे, निघाला तर जाऊ द्यायचा. दामारिस एका सकाळी बसली ती दुसऱ्या संध्याकाळी उठली, आणि तोवर एकसष्ट चिठ्ठ्यांची मूठ तिनं सैल केली होती. मेमरीची रेघ, जी घाटातल्या वाटेसारखी चढतच जायची, ती तळ्याच्या पाण्यासारखी आडवी पडली. नोर्बेयनं सगळ्यांसाठी चीजचे गरम वडे मागवले. कुणीतरी म्हणालं, आता हिला झाडू द्या, आमचीही घरं आवरेल. पुढच्या आठवड्यात तिला ॲपची मुख्य केलं. नावाचा तिला राग आला नव्हता. खरं सांगायचं तर आवडलंच होतं.

आता ती एकेक जागा उघडून बघू लागली. पहिली ठीक. दुसरी ठीक. फोटोची, सहीची, औषधांच्या यादीची, सगळ्या ठीक. खिडकीबाहेर धुकं चढत होतं आणि त्यातून रोपवेचे पाळणे एकामागून एक वर येत होते, रिकामे, भरलेले, रिकामे. चव्वेचाळिसाव्या जागेशी ती थांबली.

ती जागा नोंद जतन करायची होती.

जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. कुठली ओळ कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलली, सगळं नावासकट. तिनं त्या जागेचा जुना कोड काढला. तिथं ओळीच्या डोक्यावर आनिबालसरांची टीप होती, यंत्रासाठी नव्हे, वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली : ‘इथं मुद्दाम घट्ट धरलं आहे. जागा सापडली, नोंद लिहिली, की आपण होऊन सुटतं. हात लावू नये.’ टिपेवर लाल रेघ होती. खोडणाऱ्याचं नाव दामारिस. वेळ, पाचला दहा कमी.

टीप वाचल्याचं तिला आठवेना. डोळ्यांखालून गेली असणार. पण तोवर हात चालू पडला होता; त्रेचाळीस जागा एका चालीत झाल्या की चव्वेचाळिसावी निराळी असेल असं हाताला वाटत नाही.

नोंद जतन करताना ॲपला घर नकाशावर कुठं आहे ते हवं असायचं. मोकळ्या माळावर ते चुटकीसरशी सापडतं. दरीत, झाडांखाली, पत्र्याच्या छपराखाली अर्धं मिनिट लागतं, कधी दोन. जागा सापडली, की चिठ्ठी फॉर्मला सांगणार : आता लिही. आनिबालसरांच्या चिठ्ठीनं तेवढा वेळ फॉर्मला जाऊ दिलं नव्हतं. दामारिसच्या चिठ्ठीनं जाऊ दिलं. आणि या भाषेची एक खोड आहे. जो उरलाच नाही त्याला काही सांगितलं, तर ती रागावत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही, अडतही नाही. निमूट पुढच्या ओळीवर जाते.

तरी तिनं खात्री करून घेतली. आयपॅड घेऊन ती खाली दुकानाच्या तळघरात गेली, जिथं प्लास्टरच्या गोण्या आणि दातांच्या साच्यांची खोकी रचलेली असत. फॉर्म भरला, ‘जतन’ दाबलं, यादीवर परत आली, झाकण मिटलं. मग गच्चीवर जाऊन आकाशाखाली उभी राहिली आणि मनात शंभर मोजले. झाकण उघडलं. यादी कोरी. पुन्हा खाली गेली, पुन्हा भरला, आणि या वेळी यादीवर न जाता फॉर्म तसाच उघडा ठेवून वर आली. नोंद आली.

म्हणजे जी सेविका फॉर्म तसाच टाकून आयपॅड पिशवीत कोंबते तिचं सगळं शाबूत. जी नीट मागं फिरून यादीवर येते, तिचं हरवतं.

आणि यादीवर या असं शिकवलं कुणी होतं? फेब्रुवारीत सांता रीताच्या शाळेत चाळीस बायांसमोर दामारिसच उभी राहिली होती. जतन दाबा, यादीवर परत या, मग झाकण मिटा. या घरचं दुखणं पुढच्या घराच्या नजरेला पडायला नको. बाया हसल्या होत्या. एक म्हणाली, पुढच्या घराला आधीच ठाऊक असतं, इंजिनियरबाई, त्यांनीच तर मला सांगितलेलं असतं. पुढच्या बाकावरच्या एकीनं मात्र ते वहीत उतरवून घेतलं होतं, आकडे घालून. एक, दोन, तीन. चेहरा दामारिसला आठवत नव्हता. अक्षर आठवत होतं, शाळकरी, गोल.

दुपारी तिनं आनिबालसरांना फोन लावला. निवृत्त होऊन ते नेइराला बहिणीच्या घरी राहायला गेले होते. मागून कोंबड्यांचा कालवा ऐकू येत होता. तिनं एका श्वासात विचारलं, की नोंदीच्या जागी त्यांनी फॉर्मला घट्ट का धरलं होतं.

“म्हणजे कोंबड्यांची खुशाली विचारायला फोन नाही,” ते म्हणाले. मग सावकाश समजावलं, सहा वर्षांपूर्वी समजवायचे तसं. सगळंच धरून ठेवणं हा रोग, तसं सगळंच सोडून देणं हाही रोगच. काम पुरं होईतो धरावं, पुरं झालं की सोडावं, आणि ते दोन्ही आपल्या हातानं करावं. बोलता बोलता थांबून त्यांनी विचारलं, “का गं? सोडलं का कुणी?”

“कुणीतरी.”

पलीकडे एक कोंबडी बराच वेळ बोलत राहिली.

“मग त्या कुणीतरीला म्हणावं, आधी जेवून घे,” आनिबालसर म्हणाले. “असल्या गोष्टी उपाशीपोटी बोलवत नाहीत.”

ती जेवली नाही. बोललीही नाही. नोर्बेयच्या दारापर्यंत गेली, तर तो फोनवर होता. पुढल्या वर्षी अख्ख्या प्रांतातल्या आरोग्य केंद्रांत हेच ॲप द्यायचं चाललं होतं, आणि तो आरोग्य खात्यातल्या कुणाशी तरी खदखदून हसत होता. त्यानं हातानंच तिला थांब म्हणून सांगितलं. ती थांबली. उभ्या उभ्या आतल्या माणसांकडं बघत राहिली, आठांपैकी सहा पाठी, सहा डोकी वाकलेली. फोन संपल्यावर नोर्बेयनं तिच्यापुढं कागद सरकवला. लिहिलं होतं : ‘आमच्या ॲपमधून कोणतीही नोंद हरवत नाही.’

दामारिसनं एक बदल सुचवला. ‘एकदा जतन झालेली कोणतीही नोंद’ असं लिहावं.

“वकिलीचा क्लास लावलास की काय,” नोर्बेय म्हणाला आणि तसं केलं. आता त्या कागदात खोटं एक अक्षर नव्हतं. तिनं सही केली.

बुधवारी तिनं चव्वेचाळिसावी जागा पूर्ववत केली आणि नवी आवृत्ती सगळ्या आयपॅडांवर सोडली. काय बदललं ते लिहायच्या रकान्यात ‘किरकोळ दुरुस्त्या’ असं लिहिलं. आजपासून कुणाचं काही हरवणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. दिवसभरात चार-पाचदा सांगितलं.

गुरुवारची पहिली बस धरून ती निघाली. तीन तास वळणं. खाली दरी, वर कॉफीचे उतार, मध्ये धुक्याची चिंधी. कागद पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर. शेजारच्या म्हातारीनं दोनदा सांगितलं, वर फळीवर ठेव, पोरी, अवघडशील. तिनं ठेवली नाही.

आरोग्य केंद्राच्या ओसरीत एकच बाक होता. त्यावर एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, रबरी बूट घासूनपुसून काळेभोर केलेले, मांडीवर टोपी. दामारिसला बघून ती उठली.

“इंजिनियरबाई. फेब्रुवारीत तुम्हीच शिकवायला आला होतात,” ती म्हणाली. “मी फाबिओला.”

तिनं सरकून जागा केली. थर्मासमधून गुळाचं गरम पाणी झाकणात ओतलं, रीतीप्रमाणे चीजचा एक तुकडा त्यात सोडला आणि दोन्ही हातांनी दामारिसपुढं धरलं. घाटात पोट ढवळतं, घ्या, म्हणाली. दामारिसनं घेतलं. झाकण पोळत होतं.

मग न विचारताच फाबिओलाबाई बोलू लागल्या. आवाज चढा नव्हता. जात्यावर बसलेली बाई स्वतःशी गुणगुणते तसा. पहिलं घर मार्लेनीचं, केळीच्या बनात, तिच्या थोरल्याच्या कानात पू होता, तिनं संत्र्याचा रस दिला. दुसरं घर ओढ्यापल्याड, पूल वाहून गेलेला म्हणून दगडांवरून गेले, आजीचं पाऊल सुजलेलं, तिनं दिलं ताक. तिसरं घर दोघी बहिणींचं, एकीला दिवस गेलेत आणि दुसरी तिच्यावर रुसलेली, त्यांनी काही दिलं नाही, भांडण चालू होतं. असं अठराव्या घरापर्यंत. अठरावं येसेनियाचं. कप घेऊन ती दाराशी आली तेव्हा तिची बोटं इतकी फुगली होती, की कपाच्या कानात शिरत नव्हती.

“कुणी काही प्यायला आणलं की मी यंत्राकडं बघत नाही,” बाई म्हणाल्या. “बरं दिसत नाही ते. बटण दाबते, यादीवर येते, झाकण मिटते. मग दोन्ही हातांनी घेते. तुम्ही सांगितलं होतं तसंच.”

दामारिसनं झाकणातल्या पाण्याकडं बघितलं. चीजचा तुकडा वितळून त्याला तार सुटली होती.

सुरुवातीला, फाबिओलाबाई सांगत होत्या, त्या शपथेवर सांगायला तयार होत्या. घराघरातल्या बायांना साक्षीला आणते म्हणाल्या. त्यावर वरून उत्तर आलं, की तुम्हाला रस पाजणाऱ्या बाया त्या. तुमच्याच बाजूनं बोलणार. आणि तारखा त्यांना कुठं ठाऊक? वर्षभरात तुम्ही किती खेपा केल्यात, त्यातली ही कुठली, हे कोण सांगणार? ते ऐकल्यापासून बाईंच्या मनात किडा शिरला होता. त्यांची आई छप्पन्नाव्या वर्षी बिघडत गेली. रडारड नाही, आरडाओरडा नाही. कोंबड्यांना दाणे टाकले म्हणायची, अगदी किती मुठी ते सांगायची, आणि कोंबड्या उपाशी असायच्या. मेलेला भाऊ जेवून गेला म्हणायची, काय काय वाढलं तेही सांगायची. तिच्या आवाजात अंधूक असं काही नसायचं. सगळं लख्ख.

“मला पंचावन्नावं चालू आहे,” फाबिओलाबाई म्हणाल्या. टोपीचा काठ त्या बोटांनी फिरवत होत्या, एक फेरा, दुसरा फेरा. “खरं सांगा, बाई. हे यंत्र विसरतं का?”

ओसरीच्या टोकाला एक परिचारिका फरशी पुसत होती. फडकं पिळल्याचा आवाज आला. दामारिसच्या ओठांशी एक वाक्य आलं, आणि तिनं ते गुळाच्या पाण्याबरोबर गिळलं.

“सहसा नाही,” ती म्हणाली.

“तेच म्हणते मी.” बाईंनी मान हलवली, जणू दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं. “मग मीच. आज सांगून टाकते त्यांना, की माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. लिहून देते. पोरीच्या पोटातलं लेकरू माझ्या विसरण्यानं काचेत पडलं, आता आणखी कुणाचं नको.” थोडं थांबून त्या हसल्या, कडू नव्हे, थकून. “घरी लेकीला म्हटलं, लबाड म्हणून जाण्यापेक्षा विसरभोळी म्हणून गेलेलं बरं. पण लबाड असते ना, तर निदान शुद्धीत तरी असते.”

आतून हाक आली.

चौकशीला प्रांताच्या आरोग्य खात्यातून ओर्फिलिया दुके आल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या. त्यांनी फाबिओलाबाईंना पहिल्यांदा खुर्ची दिली, मग स्वतः बसल्या. बाईंची बावीस वर्षांची नोकरी त्यांनी वाचून दाखवली, एकही डाग नाही हेही वाचलं. मग अठरा तारखा वाचल्या. तारखांपुढं काही नव्हतं. शेवटच्या तारखेला त्यांचा आवाज जरा खाली गेला. काचेच्या पेटीतल्या बाळाला त्या काल बघून आल्या होत्या.

त्यांनी एक गोष्ट करायचं ठरवलं होतं, न्यायाची म्हणून. फाबिओलाबाईंचाच आयपॅड टेबलावर ठेवला. सकाळी केंद्राच्या नेटवर त्यानं नवी आवृत्ती घेतली होती, कोपऱ्यात तसा हिरवा ठिपका होता. ओर्फिलियाबाई म्हणाल्या, नेहमी घराघरात करता ना, अगदी तसंच करून दाखवा. घाई नाही.

फाबिओलाबाईंनी हात स्कर्टला पुसले. फॉर्म उघडला, ओर्फिलियाबाईंचंच नाव लिहिलं, रक्तदाबाचे आकडे विचारून भरले. ‘जतन’ दाबलं. यादीवर परत आल्या. झाकण मिटलं. आणि मग, कुणी काही प्यायला दिलं नव्हतं तरी, दोन्ही हात मोकळे करून मांडीवर ठेवले.

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत राहिलं. वर पत्र्याचं छप्पर होतं. एक मिनिट गेलं असेल. ओर्फिलियाबाईंनी झाकण उघडलं.

यादीत सगळ्यांत वर त्यांचं नाव होतं. आकड्यांसकट, वेळेसकट, घराच्या खुणेसकट.

फाबिओलाबाईंनी वाकून ते नाव वाचलं. मग स्वतःच्या उजव्या हाताची तर्जनी वर धरून तिच्याकडं बघितलं, एखादं उसनं आणलेलं अवजार बघावं तशी.

“कंपनीचं म्हणणं तेवढं वाचा,” ओर्फिलियाबाई दामारिसला म्हणाल्या. त्यांचा सूर आता उरकायचा होता.

दामारिस उठली. पिशवीतून कागद काढला. कंपनीचं नाव वाचलं, तारीख वाचली. “एकदा जतन झालेली,” इथवर वाचलं आणि पुढचे शब्द डोळ्यांसमोर असूनही तिच्या तोंडून निघेनात.

तिची वाट न बघता फाबिओलाबाईंनी टेबलावर खात्यानं आधीच तयार ठेवलेलं कबुलीचं पत्र आपल्याकडं ओढलं. पेन मागितलं. सही कुठं करायची ते विचारलं, आणि ओर्फिलियाबाईंनी बोट ठेवलं तिथं पेनाचं टोक टेकवलं. पहिलं अक्षर उमटलं, गोल, शाळकरी.

दामारिसनं पत्रावर तळवा ठेवला.

“त्यांनी अठराही वेळा बटण दाबलं होतं,” ती म्हणाली. आवाज स्वतःचा वाटत नव्हता, पण येत होता. “येसेनियाची खूणही केली होती. नोंद होण्यासाठी एक ओळ होती, ती मी खोडली. सात आठवड्यांपूर्वी. शिकवलं होतं तसं जी करेल तिचीच नोंद हरवायची. आज दिसली, कारण मी ती ओळ परत घातली. काल. कुणाला न सांगता.”

फाबिओलाबाईंचं पेन तसंच टेकलेलं होतं, त्याच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत होता. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं अजून. दुरून कुणी हाक मारावी आणि ती आपल्यालाच का हे कळू नये, तसं होतं.

ओर्फिलियाबाईंनी चष्मा काढला. तारखांचा कागद उलटा केला, दुसरं पेन काढून कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. मग लिहिता लिहिता, वर न बघता, सहज विचारल्यासारखं विचारलं, “म्हणजे तुमच्या हे कालच लक्षात आलं.”

काल म्हटलं असतं तरी चाललं असतं. काल म्हणजे कळलं, दुरुस्त केलं, आणि आज सांगायला आले. तिथल्या कुणीही ते मानलं असतं, नोर्बेयनंसुद्धा. ओर्फिलियाबाईंचं पेन त्या उत्तरासाठी जागा सोडून थांबलं होतं.

दामारिस त्यांच्याकडं वळली नाही. ती फाबिओलाबाईंकडं बघत होती.

“मंगळवारी,” ती म्हणाली. “मंगळवारी सकाळीच. मघाशी बाकावर तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हाही मला माहीत होतं.”